थोरलीचा ओठ

माझी बहीण काचेच्या कारखान्यात फुंकर मारते. सांगायला एवढंच आहे, पण लोकांना एवढं पुरत नाही. "तीच ना ती, एवढाले गोल फुगवणारी?" असं विचारतात, आणि मी मान हलवते. मीसुद्धा त्याच कारखान्यात सव्वीस वर्षं आहे, त्याच भट्टीपुढे घाम गाळते, आणि गेली अकरा वर्षं तर मिस्त्रीच्या बाकावर मी बसते, ती नाही. तरी ओळख करून देताना लोक म्हणतात, "म्हणजे तुम्ही तिची धाकटी!" हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तेव्हा आधीच सांगून टाकते, तिच्याबद्दल लिहिताना मी नि:पक्षपाती राहीन अशी अपेक्षा ठेवू नका.

घरात आणि कारखान्यात तिला सगळे थोरली म्हणतात. मी ताई म्हणते. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, चार बोटं उंच, आणि केस, आवाज, हसणं, सगळ्यातच माझ्यापेक्षा सरस. देवाने आमच्या घरासाठी ठेवलेलं सगळं पहिलीलाच देऊन टाकलं आणि माझ्या वेळी डबा खरवडला, असं माझं आठव्या वर्षीच ठाम मत झालं होतं. दम तर असा की पाण्याच्या बादलीत तोंड बुडवून बसायची शर्यत लावली, तर मी तीनदा वर येऊन खोकले तरी ही आपली शांत. आई घाबरून तिला ओढून काढायची, आणि मग दोघी मिळून हसायच्या. मी कोपऱ्यात नाक पुसत उभी.

एकच गोष्ट देताना देवाचा हात चुकला. ती म्हणजे तिचा ओठ.

वरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी त्याच एका जागी, तिला फोड यायचे. ताप आला की यायचे, उन्हात फिरली की यायचे, परीक्षा जवळ आली की हमखास. आधी ती जागा चुरचुरायची, मग लाल व्हायची, मग पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठायचा. तो फुटायचा, खपली धरायची, आणि आठ-दहा दिवसांनी ओठ पुन्हा पहिल्यासारखा. आई म्हणायची, "अंगातली उष्णता बाहेर पडतेय." त्या काळात आमच्या घरात सगळ्याचं कारण उष्णता नाहीतर सर्दी, तिसरं कारण नसायचं.

आता कुणाला वाटेल, चला, एक तरी गोष्ट अशी होती की जिचा हिला हेवा वाटला नसेल. छे! फोड आले की ताईला गार दूध मिळायचं, केळं कुस्करून मिळायचं, शाळेला सुट्टी मिळायची. आई तिच्या उशाशी बसून ओठाला साय लावायची. तिचा पेलाही वेगळा ठेवलेला असायचा, निळ्या काठाचा, बाकी कुणी हात लावायचा नाही. त्या निळ्या काठाने माझं डोकं फिरवलं. आपल्यालाही फोड यावेत म्हणून मी आईची पाठ वळली की तिच्या पेल्यातलं उरलेलं दूध पिऊन टाकायचे, आणि मग आठवडाभर आरशापुढे उभी राहून ओठ न्याहाळायचे. काही नाही. ओठ माझा, पण तोही तिच्याच बाजूचा!

ताई अठरा वर्षांची झाल्यावर मिस्त्रींनी तिला कारखान्यात घेतलं. ते वडिलांचे जुने स्नेही. तीन वर्षांनी मीही मागोमाग गेले, दुसरीकडे कुठे जायचं हे मला सुचलंच नाही. आमची लग्नं का झाली नाहीत ही गोष्ट वेगळी आहे, ती इथे नको. आम्ही दोघी आजही आईजवळ, कारखान्यापासून दहा मिनिटांवर राहतो.

आमचं काम जोडीचं असतं. एकाने लांब लोखंडी नळीच्या टोकावर भट्टीतली वितळलेली काच उचलायची, तिच्यात पहिली छोटी फुंकर घालायची, आणि नळी बाकावरच्या माणसाकडे द्यायची. बाकावरचा माणूस तीच नळी तोंडाला लावून पुढचं फुगवतो, वळवतो, आकार देतो. नळी एक, तोंडं दोन. मध्ये फार तर गळ्यातल्या पंचाने एकदा पुसायची. तोही पंचा आलटून पालटून सगळ्यांचा.

यात काही चूक आहे असं आमच्यापैकी कुणालाच कधी वाटलं नाही. नळी दिवसभर आगीत असते, तिला कसला रोग चिकटणार? आगीतून काढलेली वस्तू शुद्ध, हे आमच्या कारखान्याचं पक्कं गणित होतं. मग एका वर्षी ताईबरोबर आणखी दोघांच्या ओठांवर फोड उठले, आणि ताईचे तर त्या वर्षी आठ वेळा आले. कोण कुणामुळे हे कुणाला सांगता येईना, पण सगळे ताईकडे बघू लागले. मला आतून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मी तिच्याबरोबर डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी ओठ पाहिला आणि कागदावर लिहितालिहिता म्हणाल्या, "हर्पिस आहे. घाबरण्यासारखं नाही. निम्म्याहून जास्त जगाला असतो."

"उष्णता नाही?" ताईने विचारलं.

"विषाणू आहे. बहुतेक लहानपणी येतो, कुणी गालाचा पापा घेतला, कुणाचं उष्टं खाल्लं. मग तो मज्जातंतूत जाऊन झोपतो. ताप, ऊन, दमणूक, काळजी, काहीतरी झालं की जागा होऊन त्याच वाटेने वर येतो. कित्येकांचा जन्मभर झोपूनच राहतो, त्यांना पत्ताही नसतो."

उष्टं हा शब्द ऐकून मी खिडकीबाहेर बघू लागले.

"पण आमची नळी तर आगीत असते," ताई म्हणाली.

डॉक्टरबाई पहिल्यांदाच हसल्या. "कुठलं टोक आगीत असतं? तोंडाकडचंही?"

 तोंडाकडचं टोक अर्थातच गार असतं, नाहीतर तोंड कसं लावणार? इतक्या वर्षांत हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. बाई म्हणाल्या, नळीमुळेच पसरलं असं काही त्या सांगू शकत नाहीत, पण ओठ चुरचुरल्यापासून खपली पडेपर्यंत नळी, पंचा, पेला यातलं काही वाटून घ्यायचं नाही. फोडाला हात लागला तर धुवायचा, आणि तो हात डोळ्याला तर मुळीच लावायचा नाही. मग मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का वगैरे विचारून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

"या गोळ्या त्याला मारत नाहीत, वाढू देत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून वेळ महत्त्वाची. चुरचुरलं की पहिला डोस, बारा तासांनी दुसरा. फोड उठल्यावर घेतल्या तर फारसा उपयोग नाही. आणि पाकीट कायम जवळ ठेवा."

आधी वर्षभर तिला रोज एक गोळी होती. त्या वर्षात फोड एकदाच आले, तेही चुकार. मग रोजची गोळी थांबवून गरजेपुरती ठेवली, आणि ताई चुरचुरण्याला अशी सरावली की ओठाला जीभ लागताच तिला कळायचं. सगळं ऐकलं, एक सोडून. पाकीट जवळ ठेवलं नाही. "भट्टीपुढे अंडं उकडेल," म्हणायची, "गोळ्यांचं काय होईल?" ती ते घरी कपाटाच्या वरच्या खणात ठेवायची, चिठ्ठीसकट.

इकडे मिस्त्रींनी नियम केला. भिंतीवर खडूने लिहिला आणि रोज पुन्हा गिरवला. ओठावर काही असेल त्याने नळीला तोंड लावायचं नाही. कुणीही असो.

अकरा वर्षांपूर्वी मिस्त्रींचे गुडघे बोलू लागले आणि बाक रिकामा होणार हे उघड झालं. त्याच वेळी एका नाट्यगृहासाठी दुधी काचेचे बारा मोठे गोल करायचं काम आलं. मालक म्हणाले, नमुन्याचा गोल माझ्यासमोर करा, जो करेल तो बाकावर बसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची वेळ ठरली, दुपारी ते परगावी जाणार होते. जो करेल तो, असं आपलं म्हणायचं. थोरलीच करणार हे भट्टीलाही ठाऊक होतं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी तिला नळी उचलून द्यायची, एवढंच माझं काम.

आदल्या दिवशी आम्ही सराव करत होतो. ताई बाकावर, मी भट्टीपाशी. दहाच्या सुमाराला मी नळी तिच्या हातात द्यायला गेले, तर तिने हात पुढे केला नाही. जीभ ओठाच्या कोपऱ्याला लावली. पुन्हा लावली.

"धाकटे, चुरचुरतंय," ती हळूच म्हणाली. "सुट्टीत मिस्त्री मला साचा दाखवणार आहेत. तू घरी जाऊन गोळ्या आण. वरच्या खणात, डाव्या हाताला. पळत जा हं."

तोपर्यंत ती नळीला तोंड लावणार नव्हती. नियमाची तिला कुणी आठवण करून द्यावी लागत नसे. हाही तिचा एक दोषच.

जेवणाच्या सुट्टीत मी पळत गेले. आई पंख्याखाली आडवी झाली होती. खण उघडला, डाव्या हाताला पाकीट होतं, चिठ्ठी घडी घालून त्याखाली. पाकीट हातात घेतलं आणि वळले. वळले खरी, पण पाय उचलेना.

मी काय विचार केला हे अजून स्वच्छ आठवतं. मी विचार केला, हिला सगळं मिळतं. हिला आजारही असा मिळाला की ज्याला गोळी आहे. बारा तासांत दोन डोस, की झाली पुन्हा थोरली. उद्या मालक टाळ्या वाजवतील, आणि मी जन्मभर हिची नळी उचलत राहीन. एकदा, फक्त एकदाच, हिचा ओठ माझ्या उपयोगी का पडू नये? पोटात असं पेटलं होतं की भट्टी बरी. मी पाकीट आणि चिठ्ठी खणातच मागे सारली, रुमालांच्या घडीखाली. वरून रुमाल सारखे केले. तेवढं नीटनेटकेपण मला तेव्हा कुठून सुचलं कोण जाणे.

"खणात नाहीत," परत आल्यावर मी म्हणाले.

"नीट पाहिलंस?"

"दोनदा."

"चिठ्ठी? म्हणजे दुकानातून तरी आणू."

"तीही दिसली नाही."

ताईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, संशयानेही नाही, काचेत बुडबुडा राहिलाय का हे बघतो तसं, अगदी स्थिर. मग "बरं" म्हणाली आणि मिस्त्रींच्या मागे साच्याकडे गेली.

सहा वाजता आम्ही घरी आलो. तिने खण उघडला. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने दारात उभी राहिले. 

"रुमालांखाली होत्या," ती म्हणाली. गोळ्या घेतल्या, पेला धुतला आणि वेगळा ठेवला.

सकाळी ओठाचा कोपरा फोडांनी भरला होता. आता, डॉक्टरबाई असंही म्हणाल्या होत्या की वेळेवर घेऊनही कधीकधी फोड येतातच. हे वाक्य मी अकरा वर्षं जपून ठेवलंय. येणारच होते, असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही म्हणेन.

मिस्त्रींनी लांबूनच पाहिलं. तोंडातून फक्त "अरेरे" निघालं. मालक येऊन बसले होते. कुणी काही बोलायच्या आत ताई दोन्ही हात पाठीमागे घेऊन भिंतीच्या त्या खडूच्या नियमाखाली जाऊन उभी राहिली. मिस्त्रींनी मला खूण केली आणि बाकावर मी बसले.

गोल झाला. चांगला झाला. मालकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी गोल उजेडाला धरला, एक बाजू अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "चालेल." या एका शब्दाचा अर्थ मी आजही लावत असते.

बाक मिळाला म्हणजे मत्सर संपेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याला या दुखण्याची ओळख नाही. ताई माझी जोडीदार झाली. ती काच उचलणार, पहिली फुंकर घालणार, नळी मला देणार. तिची ती पहिली फुंकर इतकी नेमकी असायची की मला पुढे काही करायला उरायचंच नाही. नवीन माणसं अडली की तिच्याकडे जायची, बाकावर मी ढिम्म बसलेली असताना. आणि ती त्यांना म्हणायची, "बाकावर विचारा." हा मोठेपणाच मला सहन व्हायचा नाही. एकदा तरी तिने माझ्यावर ओरडावं, भांडी आपटावी, म्हणजे मलाही चार शब्द सुनावता आले असते! अकरा वर्षं तिने काही म्हटलं नाही, आणि मीही तोंडाला कुलूप लावून बसले.

गेल्या महिन्यात मला चार दिवस ताप आला. पाचव्या दिवशी मी कामावर गेले, कारण त्याच नाट्यगृहातला एक गोल फुटला होता आणि जुन्या अकरांना जुळेल असा नवा हवा होता. नियम तोच, भिंत तीच, आता खडू मी गिरवते. बाकावर बसले. ताई काच उचलायला भट्टीकडे गेली, तशी अर्ध्या वाटेतून परत आली.

"सारखी ओठाला जीभ काय लावतेयस?"

"कुठे काय?"

"दाखव."

तिने मला लहान मुलीसारखं हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं. ओठाचा डावा कोपरा चुरचुरत होता, सकाळपासून. चव्वेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदाच.

"आलं म्हणायचं," ती म्हणाली. "माझ्या पेल्यातलं दूध चोरून प्यायचीस ना? मी रोज दोन घोट मुद्दाम ठेवायचे. वाटायचं, हिलाही दूध हवंय. आईला सांगितलं नाही. तेव्हा कुठे माहीत होतं, त्यातून काय जाईल ते!"

 ती तोवर डॉक्टरबाईंना फोन लावत होती. बाईंनी मला चार प्रश्न विचारले, दुसरं काही औषध चालू आहे का, मूत्रपिंडाचा त्रास, आणखी काय काय, आणि म्हणाल्या, पहिला डोस घ्या, संध्याकाळी दाखवायला या. ताईने कमरेच्या पिशवीतून छोटी डबी काढली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, भट्टीची झळ लागू नये म्हणून. कधीपासून बाळगत होती, मी विचारलं नाही. गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या, पाण्याचा पेला पुढे केला.

"आत्ता घे," ती म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबू नकोस."

मी तिच्याकडे पाहिलं. ती पेल्याकडे पाहत होती. मी गोळ्या गिळल्या.

नियमाने मला त्या दिवशी नळी नव्हती. मी बाकावरून उठले आणि ती बसली, अकरा वर्षं उशिरा. मी काच उचलली, पण फुंकर घातली नाही, पहिलीही तिनेच घातली. तिचे केस आता कानांवर पांढरे झालेत, पण दम तोच, बादलीतला. गाल फुगले नाहीत, मान ताठली नाही, आणि काच नळीच्या टोकाशी सावकाश मोठी होत गेली, सगळीकडून सारखी. माझा गोल एका बाजूला जरा जाड होता. मिस्त्रींच्या अंगठ्याला ते कळलं होतं. हा तसा नव्हता. बघता बघता माझ्या पोटात पुन्हा तेच जुनं पेटलं, लाज वाटण्याइतकं, आणि डोळेही भरून आले. दोन्ही एकदमच.

पुन्हा तापवायला तिने नळी माझ्या हातात दिली. मी भट्टीच्या तोंडाशी उभी राहून ती फिरवत होते. ताई शेजारी येऊन उभी राहिली, काचेवर नजर ठेवून.

"ताई," मी म्हणाले, "त्या दिवशी गोळ्या मला सापडल्या होत्या."

माझे हात थांबले होते. तिने तिचे हात माझ्या हातांवर ठेवले.

"फिरव," ती म्हणाली. "काच लोंबतेय."